टक्के मोजून झाले असतील तर एकदा नावंही बघा

पुण्यातली कॉलेजं, विद्यापीठं आणि संशोधन संस्था इथल्या इंटिग्रिटी पॅनेलच्या सर्व सदस्यांना,

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

कागदावर तुमचं नाव इन्स्टिट्यूशनल अकॅडमिक इंटिग्रिटी पॅनेल असं भारदस्त आहे, पण गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंत कुठल्याही कँटीनमध्ये तुम्हाला प्लॅजरिझम कमिटीच म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणणार, राग मानू नका. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. थिसिस जमा व्हायच्या आधी सॉफ्टवेअरला लावून सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे किती टक्के मजकूर आधी छापलेल्याशी जुळतो ते, काढून देणं हे काम माझ्याकडे असतं, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्लॅजरिझमबद्दलच्या 2018 च्या नियमात कमिटीवर या सॉफ्टवेअरची माहिती असलेला एक जण हवा असं लिहिलंय, म्हणून अधूनमधून मलाही खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि टक्के वाचून दाखवायला सांगतात. तर हे पत्र त्या टक्के वाचून दाखवणाऱ्या बाईचं आहे असं समजा.

माझं म्हणणं असं आहे की आपण शब्द उचलणारे पकडतोय, आणि आपल्या लॅबमधली, डिपार्टमेंटमधली खरी भांडणं दोन वेगळ्याच गोष्टींवरून चाललीयेत. एक म्हणजे काम कोणी केलं आणि नाव कोणाचं लागलं. दुसरी म्हणजे ज्याचा संदर्भ दिलाय तो माणूस खरंच तसं म्हणाला होता का. या दोन्हीत सॉफ्टवेअर काहीही बोलत नाही. आणि सॉफ्टवेअर बोलत नाही म्हणून आपणही बोलत नाही.

नियम तुम्हाला पाठ आहेतच, तरी एकदा समोर ठेवते. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही नाही. 10 ते 40 मध्ये असेल तर विद्यार्थ्याने सुधारून परत द्यायचं, 40 ते 60 असेल तर एक वर्ष जमाच करता येत नाही, 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. प्राध्यापकांना इन्क्रिमेंट जाते, काही वर्षं गाइडशिप जाते. सगळं ठीक आहे. पण त्याच नियमात सुरुवातीला प्लॅजरिझमची व्याख्या दिलीये ती परत वाचा, तिथे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन स्वतःची म्हणून दाखवणं असं म्हटलंय. कल्पना! म्हणजे व्याख्येत कल्पना आहे, काम आहे, आणि शिक्षेच्या तक्त्यात फक्त टक्के आहेत. कल्पनेचे टक्के कसे काढायचे हे काही तिथे लिहिलेलं नाही, मग आपण काय केलं तर ती अर्धी व्याख्या सोडूनच दिली. बैठकीत रिपोर्ट येतो, सात टक्के, ठीक आहे, पुढचा विषय.

या दहा टक्क्यांच्या धसक्याने काय होतंय ते मला समोर बसून दिसतं, तुम्हाला कदाचित दिसत नसेल. पोरं येतात, मॅडम चौदा आलंय, काहीतरी करून दहाच्या आत आणायचंय. मी सांगते की अरे जिथे दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलंयस तिथे अवतरणचिन्ह टाक, संदर्भ दे, नियमात अशी वाक्यं साम्यात धरतच नाहीत, सलग 14 शब्दांपर्यंतची जुळणी पण सोडून देतात. तर म्हणतात नाही मॅडम, सरांनी सांगितलंय कोट नको, कोटने टक्के वाढतात. (वाढत नाहीत हो. सेटिंगमध्ये एक खूण करायची असते.) मग तो पोरगा काय करतो, ते वाक्य पॅराफ्रेझिंगच्या कुठल्यातरी फुकट साइटवर टाकतो, किंवा आता एआयला सांगतो की शब्द बदलून दे. शब्द बदलतात. आणि शब्दांबरोबर अर्थ पण बदलतो. मूळ लेखकाने 'काही रुग्णांमध्ये असा संबंध आढळला, पण नमुना लहान होता' असं जपून लिहिलेलं असतं ते इकडे 'रुग्णांमध्ये असा संबंध सिद्ध झाला आहे' असं होऊन बसतं, खाली त्याच बिचाऱ्याचं नाव आणि वर्ष. टक्के घसरून सहावर. आपण सर्टिफिकेट देतो. म्हणजे नियम केला चोरी थांबवायला, आणि त्यातून दुसऱ्याच्या तोंडी नको ते घालणं वाढलं, आणि त्यावर शिक्का आपला.

हे किरकोळ वाटत असेल तर एक उदाहरण देते, ते प्रत्येक रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला सांगायला हवं. 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं, पाच वाक्यांचं, पेपर सुद्धा नाही, संपादकांना पत्र. त्यात एवढंच होतं की हॉस्पिटलात दाखल असलेल्या 11,882 पेशंटना अफूजन्य वेदनाशामकं दिली होती, त्यात व्यसन लागल्याची नीट नोंद झालेले फक्त चार सापडले. दाखल पेशंट, देखरेखीखाली, बस. पुढे लोक हेच पत्र घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा म्हणून देत सुटले. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये कोणीतरी बसून मोजलं, तर 608 ठिकाणी त्या पत्राचा संदर्भ होता, त्यातल्या 439 जणांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून तो दिला होता, आणि पाचातल्या चार जणांनी हे पेशंट हॉस्पिटलात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत त्या गोळ्यांनी काय हाहाकार केला ते आपण बातम्यांमधून वाचलंय. आता त्या 608 पैकी एकाचाही सिमिलॅरिटी रिपोर्ट खराब आला नसता. मूळ मजकूर पाच वाक्यांचा, उचलणार काय त्यातून.

आणि हे काही अपवादाने होत नाही. 2015 मध्ये मेडिकल जर्नल्समधले संदर्भ मूळ पेपरशी ताडून बघणाऱ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात साधारण चारातला एक संदर्भ काही ना काही चुकलेला निघाला, आणि त्यातल्या निम्म्या चुका मोठ्या, म्हणजे मूळ पेपर तसं म्हणतच नाही अशा. 2003 मध्ये तर दोघा जणांनी गंमतच केली, एखाद्या गाजलेल्या पेपरच्या संदर्भात पान क्रमांकाची जी छपाईची चूक असते तीच चूक पुढे किती जणांकडे जशीच्या तशी उतरली ते मोजलं, आणि त्यावरून अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी फार तर पाचातल्या एकाने मूळ पेपर वाचला असावा. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतला.

पालकातल्या लोहाची गोष्ट तुम्हीही कोणाला तरी सांगितली असेल, दशांश चिन्ह चुकलं आणि लोह दहापट झालं ती. मीही ऐकत आलेय. 1981 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखातून ती पसरली, पुढे लोकांनी खोदून बघितलं तर दशांश चुकल्याचाच पुरावा सापडेना. म्हणजे संदर्भ नीट तपासा हे सांगायला वापरली जाणारी गोष्टच न तपासता सांगितली जात होती. नॉर्वेच्या एका संशोधकाने 2014 मध्ये या दंतकथेवर अख्खा निबंध लिहिलाय, मिळवून वाचा, हसू आवरणार नाही.

आपल्याकडे याचा देशी अवतार म्हणजे तळपदेंच्या विमानाची गोष्ट. राइट बंधूंच्या आधी, 1895 मध्ये, त्यांचं विमान मुंबईच्या चौपाटीवर उडालं म्हणे. दर काही महिन्यांनी कोणीतरी उत्साही मनुष्य लायब्ररीत येतो आणि मला केसरीतली ती बातमी काढून द्या म्हणतो. मी विचारते अंक कुठला, तारीख काय, तर ते माहीत नसतं, फॉरवर्डमध्ये 'केसरीत बातमी आली होती' एवढंच असतं. गाव केसरीवाड्याचं, आणि संदर्भात तारीख नाही! बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये, या गोष्टीबरोबर ज्या ग्रंथाचा दाखला देतात त्या वैमानिक शास्त्राचा रीतसर अभ्यास करून लिहून ठेवलंय की ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, पण तो संदर्भ कोणी मागायला येत नाही. तळपदेंवर माझा राग नाही, त्या काळात त्या माणसाने जे काही धडपडून केलं असेल ते नीट शोधून लिहिलं तर त्यांचाच मान राहील. न केलेल्या कामाचं श्रेय चिकटवलं की केलेलं कामही झाकलं जातं.

असो, विषयांतर झालं. नावांच्या भांडणाकडे येते, कारण खरी आग तिथे आहे.

एका संस्थेत, नाव घेत नाही, एक मुलगी प्रोजेक्ट असिस्टंट होती. नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे, लॅबमध्ये आणून तपासायचे, रीडिंग घ्यायची, अख्खा पावसाळा ती त्या घाटावर जाऊन बाटल्या भरत होती. मधल्या काळात तिने नमुने घ्यायची वेळ बदलायला हवी असं सुचवलं, कारण सकाळी एक येतं आणि धरणातून पाणी सोडल्यावर दुसरंच येतं, आणि पुढे पेपरचा सगळा मुद्दाच तो झाला. पेपर छापून आला. पहिलं नाव गाइडच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं, मग गाइड, मग हेड, मग कोणीतरी असे एक ज्यांना ती कधी भेटलीही नव्हती. तिचं नाव शेवटी आभारात, तांत्रिक मदतीसाठी. ती लॅब नोटबुकची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली होती, तारखावार सगळं, पेन्सिलीने काढलेले ग्राफ सुद्धा. तक्रार केली म्हणाली. कमिटीने पेपर सॉफ्टवेअरला लावला, सात टक्के आला, तक्रारीत तथ्य नाही असं पत्र तिच्या हातात दिलं.

मला सांगा, तिने कधी म्हटलं होतं की शब्द चोरले म्हणून?

तिने जर्नललाही ईमेल केलं. जर्नलने उत्तर दिलं की लेखक कोण हे आम्ही ठरवू शकत नाही, संस्थेने चौकशी करावी. हे जर्नलचं बरोबर आहे बरं का, प्रकाशनातल्या नीतीवर काम करणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचाही सल्ला तोच आहे, संपादकाने न्यायाधीश व्हायचं नाही, संस्थेकडे पाठवायचं. आणि संस्था म्हणते हा जर्नलचा विषय. या टोलवाटोलवीत तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता ती हिंजवडीला एका कंपनीत डेटा एंट्री बघते.

गाइड लोकांचं म्हणणंही मी ऐकलंय आणि ते सगळंच चुकीचं नाही. प्रोजेक्ट मी लिहिला, पैसे मी आणले, प्रश्न माझा, ही पोरगी नसती तर दुसरी कोणी बाटल्या भरल्या असत्या. बरोबर, प्रश्न सुचणं हे मोठं काम आहे आणि चार रीडिंग घेतली की मी लेखक असं म्हणणारी पोरंही मी बघितलीयेत, चिकटपणाने भांडतात आणि मसुदा लिहायला बस म्हटलं की गायब. पण पैसे आणले एवढ्यावर लेखक होत नाही. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिने लेखकाच्या चार अटी घातल्यात, कामात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची सुधारणा, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं, आणि नुसता निधी मिळवणं किंवा वरवरची देखरेख यात बसत नाही हेही स्पष्ट लिहिलंय. त्यातच पुढे एक गोष्ट आहे जी सहसा कोणी वाचत नाही. ज्यांनी पहिली अट पूर्ण केलीये, म्हणजे कामात खरा वाटा आहे, त्यांना मसुदा बघायची आणि सुधारायची संधी द्यायला पाहिजे. म्हणजे आधी मसुदा दाखवायचा नाही, आणि मग तू लिहिलं नाहीस म्हणून तू लेखक नाहीस असं म्हणायचं, हे चालत नाही. त्या मुलीच्या बाबतीत अगदी हेच झालं.

आणि भांडणं एवढी तापतात का, याचं उत्तर पॉइंट्समध्ये आहे, आपण उगाच तत्त्वाच्या गप्पा मारतो. यूजीसीच्या 2018 च्या नेमणूक-बढतीच्या नियमात सायन्सच्या एका पेपरला मूळ 8 पॉइंट आहेत. दोन लेखक असतील तर दोघांना प्रत्येकी 70 टक्के. दोनपेक्षा जास्त झाले की पहिल्या किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. म्हणजे एकाला 5.6, दुसऱ्याला 2.4. आता तिसरं नाव घुसवलं की दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचं नुकसान, पण तिसऱ्याला फुकटात 2.4, त्यामुळे हेडना खूश ठेवायला त्यांचं नाव टाकणं हा व्यवहार सगळ्यांना परवडतो, फक्त त्या दुसऱ्याला सोडून. ज्याने हा तक्ता बनवला त्याने कधी कुठल्या लॅबमध्ये संध्याकाळी सहानंतर कोण थांबलेलं असतं ते जाऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल हे भांडण जुनंच आहे, मोठमोठ्यांमध्ये झालंय. झालंय ना, आणि त्यातलं एक तर खास कमिटीवाल्यांनी वाचण्यासारखं आहे. कॅलक्युलस कोणाचं, न्यूटनचं की लायबनिझचं, हा वाद रॉयल सोसायटीकडे गेला तेव्हा 1712 मध्ये सोसायटीने कमिटी नेमली. सोसायटीचे अध्यक्ष कोण, तर न्यूटन. निकाल न्यूटनच्या बाजूने लागला यात नवल नाही, पण तो अहवाल मुळात न्यूटननेच लिहिला होता, आणि नंतर सोसायटीच्या जर्नलमध्ये त्या अहवालावर निनावी परीक्षण आलं तेही न्यूटननेच लिहिलेलं. हसू नका. आपल्या नियमानुसार डिपार्टमेंटच्या पॅनेलचा अध्यक्ष कोण असतो? विभागप्रमुख. आणि तक्रारीतल्या पेपरवर तिसरं नाव कोणाचं असतं?

भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांची गोष्ट आपल्या जवळची. 1957 साली अमेरिकेत रॉचेस्टरला पीएचडी करणारा हा केरळचा मुलगा, त्याने गाइड मार्शाकबरोबर दुर्बल बलाचा व्ही-मायनस-ए सिद्धांत काढला, रॉचेस्टरच्या परिषदेत विद्यार्थी म्हणून त्याला बोलायला मिळालं नाही, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीतल्या परिषदेत ते मांडलं गेलं, परिषदेचं पुस्तक निघेपर्यंत 1958 च्या जानेवारीत फाइनमन आणि गेलमनचा पेपर जर्नलमध्ये छापून आला होता. पुढे कितीतरी वर्षं लोक तोच पेपर संदर्भात देत राहिले. फाइनमननी नंतर जाहीरपणे सांगितलं की हे सुदर्शन आणि मार्शाक यांनी आधी काढलं होतं, पण तोवर संदर्भांची गाडी पुढे गेली होती. त्यानंतर 2005 च्या नोबेलच्या वेळी परत तेच, प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांतातल्या ज्या सूत्राला ग्लाउबर-सुदर्शन अशी दोन नावं आहेत तिथे बक्षीस ग्लाउबर यांना, आणि सुदर्शन यांनी नोबेल समितीला पत्र लिहून हरकत घेतली. पत्राने काही बदललं नाही, पण निदान कागदावर आलं.

आपल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलात तर नारळीकर सरांचं नाव निघतंच, त्यांचे केंब्रिजमधले गाइड फ्रेड हॉयल. पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ सिग्नल येणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधाचं नोबेल 1974 मध्ये ह्यूइश यांना मिळालं आणि ज्या विद्यार्थिनीने ते सिग्नल पहिल्यांदा ओळखले त्या जॉसलिन बेलना मिळालं नाही, तेव्हा जाहीरपणे टीका करणाऱ्यांत हॉयल होते. 1968 च्या त्या पेपरवर पाच नावं आहेत, बेलचं दुसरं. आपल्या तक्त्यात 2.4! स्वतः बेल मात्र नंतर म्हणाल्या होत्या की विद्यार्थ्यांना नोबेल देणं अगदी अपवादानेच योग्य ठरेल, आणि 2018 मध्ये तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी ते सगळे पैसे संधी न मिळणाऱ्या गटांतल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले. मन मोठं असेल तर असं होतं, पण प्रत्येक पीडिताने मोठं मन दाखवावं ही अपेक्षा कमिटीने ठेवू नये एवढंच. आणि हॉयलचं स्वतःचं काय झालं तर ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी तयार होतात त्यावरचा 1957 चा गाजलेला पेपर चौघांचा, नावं चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने, आणि 1983 मध्ये त्या कामाचं नोबेल मिळालं ते त्यातल्या फाउलर यांना, हॉयल बाहेर.

रोझलिंड फ्रँकलिन तर प्रत्येक महिला दिनाच्या भाषणात असतात. पण त्यांचंही आपण धड सांगत नाही. फोटो 51, म्हणजे डीएनएचा तो क्ष-किरण फोटो, डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसनला दाखवला, त्यावरून डीएनए कळला, संपलं. तो फोटो 1952 च्या मे महिन्यात प्रत्यक्ष काढला होता रेमंड गॉस्लिंग या पीएचडीच्या विद्यार्थ्याने, त्याचं नाव कुठल्या भाषणात येतं? शिवाय एका फोटोवर सगळं फिरलं हेही तितकंसं खरं नाही, वॉटसनचा जोडीदार क्रिक याच्याकडे मेडिकल रिसर्च कौन्सिलचा एक अहवाल त्यांच्याच लॅबमधल्या पेरुत्झमार्फत पोचला होता, त्यात फ्रँकलिनची मोजमापं होती, आणि 2023 मध्ये नेचरमध्ये दोघा इतिहासकारांनी कागदपत्रं दाखवून लिहिलंय की त्यांना फोटो न समजलेली बिचारी बाई म्हणून रंगवणं बंद करा, त्या या कामातल्या बरोबरीच्या भागीदार होत्या. म्हणजे अन्याय झाला हे सांगताना सुद्धा आपण त्यांचं खरं काम सोडून एक फोटो त्यांच्या हातात दिला.

उलटी उदाहरणंही आहेत नाहीतर वाटायचं सगळा अंधारच आहे. 1924 मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना पेपर पाठवला, ओळख ना पाळख, आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून बोस यांच्याच नावाने जर्नलला पाठवला. त्यांच्या जागी आपल्याकडचे काही जण असते तर पेपरवर दोन नावं असती आणि बोसांचं दुसरं असतं.

पुण्याला तर हे कळायला हवंच. देशभरातल्या जर्नल्सची छाननी करायचं काम यूजीसीने आपल्याच पुणे विद्यापीठाला दिलं होतं, मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादी इथूनच चालायची. त्याच्या आधी 2018 मध्ये इथल्याच लोकांनी करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की जुन्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी 1,009 जर्नल्स त्यांनी तपासली त्यातली 88 टक्के दर्जाहीन असावीत. धाडसाचं काम होतं ते, याच गावात झालं. 2025 मध्ये केअर यादी बंद झाली आणि आता जर्नल चांगलं की वाईट हे प्रत्येक संस्थेने आपलं आपण ठरवायचंय. म्हणजे तुमच्या गळ्यात आणखी एक काम आलंय, मला मान्य आहे. पण जर्नल चांगलं असून आतल्या नावांत खोट असेल तर त्या यादीनेही काही झालं नसतं.

आता मागणं काय ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती बोलली. प्रोजेक्ट सुरू होतानाच कोण काय करणार हे एका पानावर लिहा, सही घ्या, आणि काम बदललं की ते पान बदला. वाट्यांची नावं नव्याने शोधायची पण गरज नाही, क्रेडिट नावाची 14 भूमिकांची पद्धत आहे, कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, विश्लेषण कोणी केलं, पहिला मसुदा कोणी लिहिला, पैसे कोणी आणले, सगळ्याला रकाना आहे, कितीतरी जर्नल्स ती मागतातच. प्रोजेक्ट असिस्टंट, एमएस्सीची डिझर्टेशनवाली पोरं, लॅब टेक्निशियन यांनाही त्या पानावर जागा द्या. फील्डवर गाडी चालवणारा काका लेखक नाही हे मलाही कळतं, पण ज्याने रीडिंग घेतली त्याला मसुदा छापायला जायच्या आधी दाखवा, दाखवल्याचा ईमेल ठेवा.

तक्रार नावाची असेल तर सॉफ्टवेअर लावूच नका. लॅब नोटबुक मागवा, मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या मागवा, ईमेल मागवा, त्यात सगळं सापडतं, लोक पुसायला विसरतात. पॅनेलवर ज्याचं नाव त्या पेपरवर आहे तो त्या दिवशी बाहेर बसेल, विभागप्रमुख असले तरी. विशेषतः विभागप्रमुख असले तर. आणि तक्रार करणारी पोरं कॉन्ट्रॅक्टवर असतात, म्हणून निकाल लागेपर्यंत त्यांचं रिन्यूअल तक्रारीतल्या माणसाच्या सहीवर ठेवू नका. नियमात पॅनेलला 45 दिवस दिलेत. ते पाळा.

संदर्भांचं म्हणाल तर प्रत्येक थिसिसमधले दहा संदर्भ चिठ्ठ्या टाकून निवडा आणि विद्यार्थ्याला व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी मूळ पेपर उघडून ती ओळ दाखवायला सांगा. सगळे नाही, दहाच. दाखवता आलं तर ठीक, नाही आलं तर तो संदर्भ काढायचा किंवा वाक्य दुरुस्त करायचं, शिक्षा वगैरे नको. हे काम आम्ही ग्रंथपाल आनंदाने करू, टक्के वाचून दाखवण्यापेक्षा बरं आहे. आणि कृपा करून सगळ्या गाइडना एक सर्क्युलर काढा की अवतरणचिन्हात दिलेला, संदर्भ दिलेला मजकूर साम्यात धरत नाहीत, तेव्हा पोरांना दुसऱ्याची वाक्यं मोडायला लावू नका.

ते एका पानाचं पत्रक मी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे तयार केलंय, 14 रकाने, खाली सह्यांची जागा, फार सुबक नाही पण चालेल असं आहे. ज्या संस्थेला हवं असेल त्यांनी आपल्या ग्रंथपालांना सांगा, आमचा ग्रुप आहे, त्यांच्यामार्फत माझ्यापर्यंत निरोप येतो. नव्या बॅचची रजिस्ट्रेशन्स सुरू व्हायच्या आत ठरवलंत तर त्यांच्यापासूनच लागू करता येईल, जुन्यांचं नंतर बघू.

आपली नम्र,
एका कॉलेजची ग्रंथपाल, पुणे